सर्व्हर चालू आहे, पण दार उघडत नाही

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं फारशी बदललेली नाहीत.)

आजचा भाग तुम्ही बसमध्ये ऐकत असाल, जिममध्ये ऐकत असाल, तर आधीच सांगतो, आज थोडं टेक्निकल आहे. पण घाबरू नका. आज मी माझीच फजिती सांगणार आहे, त्यामुळे ऐकायला मजा येईल.

विषय असा की, तुम्ही भाड्याने एक डेडिकेटेड सर्व्हर घेतलाय. अख्खं मशीन तुमचं. ते मशीन आहे कुठेतरी दुसऱ्या देशातल्या डेटा सेंटरमध्ये, आणि तुम्ही आहात इथे, घरात, चहाचा कप घेऊन. तुमच्यात आणि त्याच्यात एकच दार आहे, एसएसएच. आणि एके सकाळी ते दार उघडत नाही. आता काय?

गोष्ट सांगतो. माझा मामेभाऊ एका तालुक्याच्या गावात अभ्यासिका चालवतो. एमपीएससीची तयारी करणारी मुलं येतात तिथे. त्याने ऑनलाइन सराव परीक्षा सुरू केल्या आणि साहजिकच "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना?" म्हणून सगळं माझ्या गळ्यात आलं. घरातला कॉम्प्युटरवाला म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रिंटर बिघडला तरी आपण, सर्व्हर बिघडला तरी आपणच.

तर एका शनिवारी रात्री मी ठरवलं, सर्व्हरला फायरवॉल लावू. उबुंटूवर यूएफडब्ल्यू नावाचं सोपं प्रकरण असतं. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३ पोर्ट उघडले. एसएसएचसाठी त्याच्यात एक तयार नाव असतं, ‘ओपनएसएसएच’, त्यालाही परवानगी दिली. मग एनेबल. त्याने विचारलं पण, की बाबा, चालू एसएसएच कनेक्शनमध्ये व्यत्यय येऊ शकतो, पुढे जाऊ का? मी म्हटलं, हो जा. काहीच झालं नाही. विंडो चालू, साइट चालू. मी खूश. लॅपटॉप बंद करून झोपलो.

आता यात चूक कुठे झाली? काही महिन्यांपूर्वी मीच एसएसएचचा पोर्ट २२ वरून बदलून २२२२ केला होता. आणि ते ‘ओपनएसएसएच’ नावाचं जे तयार प्रोफाइल आहे, ते फक्त २२ उघडतं. म्हणजे ज्या दारातून कुणी येत-जात नव्हतं ते मी सताड उघडं ठेवलं आणि ज्यातून मी स्वतः आलो होतो त्याला आतून कडी लावली. मग तेव्हाच का नाही कळलं? कारण आधीपासून जुळलेलं कनेक्शन फायरवॉल सहसा तोडत नाही. आत आहे तो आत राहतो. अडवलं जातं ते नवीन येणाऱ्याला. मी बाहेर पडलो आणि स्वतःच नवीन येणारा झालो.

रविवारी सकाळी दहाला परीक्षा. प्रश्नपत्रिका फुटू नये म्हणून आम्ही ती सर्व्हरवर आधी ठेवत नव्हतो, परीक्षेच्या दीड तास आधी चढवायचो. साडेआठला मी लॅपटॉप उघडला, कमांड मारली, आणि कर्सर नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळाने आलं, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’.

आता माझा मूर्खपणा ऐका. मी काय केलं असेल? नवीन की बनवली. पासवर्ड आठवून बघितला. युजरनेम बदलून बघितलं. वीस मिनिटं गेली त्यात. आणि यातलं काहीही कामाचं नव्हतं, कारण एरर काय म्हणतेय ते मी वाचलंच नव्हतं.

इथे थोडं थांबू, कारण आजच्या भागात खरं शिकण्यासारखं काही असेल तर हेच आहे. एसएसएचच्या एरर एकसारख्या वाटतात, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो.

‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुम्ही हाक मारली आणि समोरून काहीच उत्तर आलं नाही. हो नाही, नाही पण नाही. मशीन बंद आहे, आयपी चुकलाय, किंवा मध्ये कुठलीतरी फायरवॉल तुमची हाक गिळून टाकतेय. अशा वेळी पासवर्ड आणि की यांचा काही संबंधच नाही. तुम्ही अजून दारापर्यंत पोचलाच नाहीत, मग किल्ली बदलून काय होणार?

‘रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरून चक्क ‘नाही’ असं उत्तर आलं. ही बातमी त्यातल्या त्यात चांगली, कारण उत्तर द्यायला तिथे कुणीतरी जागं आहे. बहुतेक वेळा अर्थ असा, की मशीन चालू आहे, पण त्या पोर्टवर ऐकायला एसएसएचचा प्रोग्रॅम बसलेला नाही. तो बंद पडला असेल, त्याच्या कॉन्फिगमध्ये टायपो असेल, किंवा तो दुसऱ्याच पोर्टवर बसला असेल. उबुंटूच्या २२.१० पासून एक गंमत झाली आहे. तिथे पोर्टवर आधी सिस्टमडी स्वतः ऐकत बसतं आणि कुणी आलं की एसएसएचला उठवतं. त्यामुळे जुन्या सवयीने फक्त कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट बदलला आणि एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली, तर पोर्ट बदलेलच असं नाही. ‘एसएसएच डॉट सॉकेट’ पण बघावं लागतं. यात भलेभले फसलेत.

आणि ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे तुम्ही दारात पोचलात, बेल वाजली, दार किलकिलं झालं, आणि आतून सांगितलं की तुम्हाला ओळखत नाही. इथे मात्र की, पासवर्ड, युजरनेम, हे सगळं बघायचं.

तर मला टाइम्ड आउट येत होतं. भानावर आल्यावर मी तीन गोष्टी केल्या. एक, ब्राउझरमध्ये साइट उघडून बघितली. उघडली. म्हणजे मशीन जिवंत, नेटवर्क ठीक. (पिंग मारून बघतात बरेच जण, पण काही ठिकाणी पिंगला उत्तर देणंच बंद करून ठेवलेलं असतं, त्यामुळे पिंग नाही म्हणजे मशीन मेलं असं नाही.) दोन, मोबाईलचा हॉटस्पॉट लावून तीच कमांड. तोच प्रकार. म्हणजे फक्त माझ्या घरच्या आयपीवर बंदी आलीय असंही नाही. तीन, आठवलं की काल रात्री आपण काय केलं होतं. आणि मग पोटात गोळा आला.

तेवढ्यात भावाचा फोन. "दादा, पेपर चढला का रे?"

मी म्हटलं, "चढवतोय." खोटं बोललो. तुम्हीही बोलला असतात.

आता डेडिकेटेड सर्व्हर आणि छोटा क्लाउड सर्व्हर यात फरक इथे कळतो. क्लाउडवाल्यांच्या पॅनेलमध्ये बहुधा एक बटण असतं, ब्राउझरमध्येच काळी स्क्रीन उघडते, नेटवर्कची गरज नाही, आत जा आणि फायरवॉल बंद करा. खऱ्या मशीनला तसं करायचं तर त्याच्या बोर्डवर वेगळी छोटी चिप लागते. डेलचा आयड्रॅक, एचपीचा आयएलओ, सुपरमायक्रोचं आयपीएमआय. मशीनच्या आतलं ते दुसरं छोटं मशीनच, मोठं बंद असलं तरी जागं राहणारं. माझ्या स्वस्तातल्या प्लॅनमध्ये ते नव्हतं. कीबोर्ड-स्क्रीन जोडून हवं असेल तर तिकीट टाका, माणूस जाऊन जोडेल. रविवारी सकाळी, दुसऱ्या देशात. मी तिकीट टाकलं, पण त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता.

उरला एकच मार्ग, रेस्क्यू सिस्टम. म्हणजे पॅनेलमधून सांगायचं की पुढच्या वेळी मशीन स्वतःच्या डिस्कवरून चालू करू नकोस, नेटवर्कवरून एक छोटं तात्पुरतं लिनक्स घेऊन चालू हो. मग त्या तात्पुरत्या लिनक्समध्ये शिरायचं, खरी डिस्क जोडायची, आणि बाहेरून तिच्यातली फाइल दुरुस्त करायची. एखाद्याला भूल देऊन ऑपरेशन करावं तसं.

पण याची किंमत असते. साइट तेव्हा चालू होती. मुलं लॉगिन करून बसायला लागली होती. रेस्क्यूमध्ये जायचं म्हणजे साइट बंद. आणि खरं मशीन बूट व्हायला मोबाईलसारखे वीस सेकंद लागत नाहीत, रॅम तपासत बसतं, डिस्क तपासतं, चार-पाच मिनिटं सहज जातात. आणि आपल्याला बूट करायचंय दोनदा, जाताना आणि येताना. घड्याळात नऊला पाच कमी.

मी भावाला फोन केला आणि खरं सांगितलं. म्हटलं, साइट बंद करावी लागेल, अर्धा तास धर, कदाचित जास्त, आणि नीट परत येईलच अशी हमी नाही. तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "मुलं सुट्टी काढून बसलीत रे. एक जण रात्रपाळी करून आलाय." आणि मग म्हणाला, "कर. मी ग्रुपवर सांगतो." माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

रेस्क्यू लावला, पॅनेलने तात्पुरता रूट पासवर्ड दिला, रीबूट केलं. पाच मिनिटांनी कमांड मारली, तर ‘रिफ्यूज्ड’. क्षणभर वाटलं, संपलं. मग ट्यूब पेटली, रेस्क्यूचं एसएसएच २२ वर असणार, मी सवयीने २२२२ वर ठोठावतोय. २२ वर गेलो, तर स्क्रीनभर मोठ्या अक्षरात धोक्याची सूचना, की समोरच्या मशीनची ओळख बदललीय, कुणीतरी मध्ये बसून तुमचं बोलणं ऐकत असेल!

ही सूचना नीट समजून घ्या. प्रत्येक सर्व्हरला स्वतःची एक होस्ट की असते, तिचा ठसा तुमचा लॅपटॉप पहिल्या भेटीत ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये लिहून ठेवतो. पुढच्या वेळी ठसा जुळला नाही की तो बोंब मारतो. आमचा सर्व्हर सुरुवातीला २२ वरच होता, त्यामुळे जुना ठसा तिथे होता, आणि रेस्क्यूचं लिनक्स वेगळं म्हणून ठसा वेगळा. माझ्याकडे कारण होतं. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला तरी असंच होतं. पण काहीही केलेलं नसताना अचानक ही सूचना आली, तर मात्र ‘हो हो’ करून पुढे जाऊ नका. आधी चौकशी.

आत शिरलो. दोन डिस्क होत्या, रेडमध्ये जोडलेल्या. कुठला भाग मुख्य सिस्टमचा ते शोधलं, माउंट केला, ‘ईटीसी’मध्ये ‘यूएफडब्ल्यू’ नावाचं फोल्डर, त्यात ‘यूएफडब्ल्यू डॉट कॉन्फ’. त्यात एक ओळ, ‘एनेबल्ड इक्वल टू येस’. येसचं नो केलं. एवढंच. दोन अक्षरांसाठी हा सगळा उपद्व्याप. सेव्ह, अनमाउंट, रेस्क्यू बंद, रीबूट.

बूट होईपर्यंत मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

आलं मशीन. २२२२ वर आत गेलो, पेपर चढवला, तपासला. परीक्षा दहाची सुरू झाली दहा चाळीसला. ग्रुपवर दोन-तीन जणांनी बोलून घेतलं, बरोबरच होतं त्यांचं.

आता, हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतं? आपल्याकडे रात्री सव्वानऊच्या सुमाराला व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळं एकदम गेलं, सुमारे सहा तास. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांची सगळी डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. आणि दुरुस्तीची साधनं पण त्याच नेटवर्कवर अवलंबून! म्हणजे दार आतून बंद आणि किल्ली आतच. शेवटी इंजिनियर प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. ते वाचून मला, खरं सांगतो, जरा बरं वाटलं होतं.

एका श्रोत्याने विचारलंय, होस्टेलच्या वायफायवरून लॉगिन होत नाही, पण मोबाईल डेटावरून लगेच होतं, का? याची दोन कारणं असू शकतात, आणि एरर वाचलीत की कुठलं ते कळतं. टाइम्ड आउट येत असेल, तर होस्टेलच्या नेटवर्कनेच बाहेर जाणारा पोर्ट २२ बंद केला असण्याची शक्यता जास्त. कॉलेजं करतात तसं. रिफ्यूज्ड येत असेल, तर संशय फेल-टू-बॅनवर. हा सर्व्हरवरचा पहारेकरी. मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच वेळा चुकलात की त्या आयपीला दहा मिनिटं बंदी. आणि तो नुसतं गप्प बसत नाही, साधारणपणे ‘नाही’ असं उत्तर देतो, म्हणून रिफ्यूज्ड दिसतं. आता होस्टेलमध्ये सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच. म्हणजे तुमच्या रूममेटने त्याच सर्व्हरवर चुकीचा पासवर्ड हाणला तरी शिक्षा तुम्हाला. आणि उलटंही होतं, मोबाईलवर चालत नाही आणि वायफायवर चालतं. मोबाईल नेटवर्कवर बऱ्याचदा आयपी व्हर्जन सहा मिळतो. सर्व्हरचं नाव सहावर नोंदवलंय पण सर्व्हरवर सहा धड चालत नाही, असं असेल तर अडकतं. कमांडमध्ये डॅश चार लावून बघा, जबरदस्तीने चार वापरतो.

परमिशन डिनाइडबद्दल पण सांगतो, कारण फोनवर टर्मक्स वापरणाऱ्या मुलांचे सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. त्या एररच्या शेवटी कंसात काहीतरी लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. तिथे फक्त ‘पब्लिक की’ लिहिलं असेल, तर सर्व्हर पासवर्ड घेतच नाही. कितीही बरोबर टाका. आणि युजरनेम चुकलं असेल तर तो तसं सांगत नाही, मुद्दाम. असला युजर नाहीच, असं सांगितलं तर चोराचं निम्मं काम झालं ना!

की बरोबर आहे, युजर बरोबर आहे, तरी नाही म्हणतो? मग सर्व्हरवरच्या परवानग्या बघा. डॉट एसएसएच फोल्डर ७००, आत ऑथराइज्ड कीज फाइल ६००, आणि होम फोल्डरवर दुसऱ्या कुणाला लिहायची परवानगी नको. कुठेतरी वाचून लोक सगळ्यावर ७७७ मारतात, ‘म्हणजे प्रॉब्लेमच नको’ म्हणून. एसएसएचला तेच चालत नाही. तो म्हणतो, ही किल्ल्यांची यादी कुणीही बदलू शकतो, मी हिच्यावर विश्वास ठेवणार नाही. आणि बरोबर आहे त्याचं.

दुसरं, जुनं अॅप. २०२१ मध्ये ओपनएसएसएच ८.८ आलं, त्यात आरएसए कीची शा-वन वापरणारी जुनी सही डिफॉल्टने बंद झाली. आरएसए की वाईट नाही, सही करायची जुनी पद्धत वाईट. पण जुन्या अॅपला नवीन पद्धत येतच नाही. सर्व्हर अपग्रेड केला आणि फोनवरून लॉगिन बंद झालं, तर बहुधा हेच. अॅप अपडेट करा, किंवा ईडी-२५५१९ प्रकारची नवीन की बनवा. बाकी कुठेही अडलात तर कमांडमध्ये डॅश व्ही लावा, कुठल्या पायरीवर गाडी थांबली ते तो ओळीओळीने सांगतो.

लॉगिन होतंय पण हळू होतंय, याकडेही दुर्लक्ष करू नका. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंट नावाच्या इंजिनियरला जाणवलं की त्याच्या टेस्ट मशीनवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोट घेतला असता. तो खणत गेला आणि सापडलं काय, तर ‘एक्सझेड’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरवाट पेरून ठेवली होती, थेट एसएसएचपर्यंत पोचणारी. जगभरच्या सर्व्हरवर पसरायच्या आधी पकडली गेली.

तसं एसएसएचचा जन्मच चोरीमुळे झालाय. १९९५ साली हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं, कारण त्या वेळचं टेलनेट सगळं उघड पाठवायचं. तिथल्या टाटू युलोनेनने त्यावर उपाय म्हणून हे लिहिलं. पोर्ट २२ का? एफटीपी २१ वर, टेलनेट २३ वर, मधला मोकळा होता, त्याने मागितला आणि मिळाला.

शेवटी, त्या रविवारनंतर मी काय करतो ते सांगतो. फायरवॉलला किंवा एसएसएचच्या कॉन्फिगला हात लावायचा असेल, तर चालू विंडो बंद करत नाही. दुसरी विंडो उघडून नव्याने लॉगिन करून बघतो, ते झालं तरच पहिली बंद. सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या आधी ‘एसएसएचडी डॅश टी’, स्मॉल टी, म्हणजे कॉन्फिगमधला टायपो आधीच कळतो. आणि फायरवॉल लावण्याआधी ‘अॅट’ कमांडने निरोप ठेवतो, की पाच मिनिटांनी यूएफडब्ल्यू बंद कर. सगळं नीट झालं तर निरोप रद्द करतो. अडकलो, तर पाच मिनिटं बसून राहायचं, दार आपोआप उघडतं. नेटवर्कची सेटिंग बदलताना उबुंटूत ‘नेटप्लॅन ट्राय’ आहे, तुम्ही दोन मिनिटांत ‘हो’ म्हटलं नाहीत तर तो स्वतःच जुन्यावर परत जातो. फोनवरून काम करत असाल तर सर्व्हरवर टीमक्स चालू करून त्यात काम करा, लिफ्टमध्ये रेंज गेली तरी काम अर्धवट तुटत नाही.

आणि हो, रेस्क्यू सिस्टम. ती मी आता दर तीन-चार महिन्यांनी, रात्री, साइटवर कुणी नसताना, एकदा मुद्दाम चालू करून बघतो. किती मिनिटं लागतात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. मागच्या वेळी अकरा लागली, जाऊन-येऊन.

मामेभावाने त्यानंतर एकच बदल केला. तो आता मला शनिवारी रात्री फोन करतो आणि विचारतो, "दादा, आज सर्व्हरला हात लावला नाहीस ना?"

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या सर्व्हरने काय एरर दिली ते लिहून पाठवताना पूर्ण ओळ पाठवा बरं का, ‘चालत नाहीये’ एवढंच नको.